नऊ नाही, सात

गंगव्वाने ओलं फडकं बादलीत पिळलं, सोफ्याखाली हात घातला आणि तिथूनच मान वर करून विचारलं,

“नोव ऐतेन्री, अक्कार?”

“इल्ला,” प्रणिता म्हणाली. “एळु.”

गंगव्वा क्षणभर तशीच राहिली. मग उठली, बादली उचलली आणि आतल्या खोलीकडे गेली. सोफ्याखालची निम्मी फरशी कोरडीच राहिली.

प्रणिताला मात्र बरं वाटलं. सलग तिसऱ्या दिवशी तिने एक संपूर्ण संवाद कन्नडमध्ये पार पाडला होता. गंगव्वा विजापूरकडची. तिला मराठी थोडंफार कळतं, असं नवऱ्याने, कृष्णातने, चेन्नईला जाताना सांगून ठेवलं होतं. म्हणजे मंगळवारपासून ती बिचारी मुद्दाम मराठीत विचारते आहे, नऊ महिने झाले का म्हणून. अशा वेळी आपणही तिच्या भाषेत उत्तर द्यावं, एवढं सौजन्य प्रणिताकडे होतं. नाही, सात. फोनमधल्या कन्नड शिकवणाऱ्या ॲपने आकडे पहिल्याच आठवड्यात शिकवले होते आणि त्याबद्दल तिला एक पदकही दिलं होतं.

बाकी घरातलं सगळं कन्नड कृष्णातकडे होतं. तो निपाणीचा. दूधवाला, प्लंबर, खालचा वॉचमन, सगळ्यांशी तोच बोलायचा. आणि कृष्णात मंगळवारपासून ऑफिसच्या कामाने चेन्नईत होता.

प्रणिताने लॅपटॉप उशीवर ठेवला. पोटाशी पुन्हा ती गंमत झाली. कुणीतरी आतून सावकाश मूठ वळावी, थोडा वेळ धरून ठेवावी आणि मग काही विशेष नव्हतं अशा थाटात सोडून द्यावी, तसं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर तिने दखल घेतली असती. कंबरेत एक ओढ होती, पण ती खुर्चीची असणार. या विषयावर तिने सगळ्यांची मतं घेतली होती. पुण्याहून आई म्हणाली, सातव्यात पोट कडक होतंच. सोसायटीतल्या गरोदर बायकांच्या ग्रुपवर अकराजणींनी खोट्या कळा आहेत असं सांगून हृदयाची चित्रं पाठवली. गरोदरपणाचं ॲप म्हणालं की या आठवड्यात तुमचं बाळ एका नारळाएवढं आहे. मागच्या आठवड्यात ते कोबी होतं.

तिचं कामही असं की घाबरणं तिला जमत नसे. विमानाची तिकिटं विकणाऱ्या कंपनीत ती संदेश लिहायची. काही बिघडलं की पडद्यावर जी दोन ओळींची समजूत येते, ती प्रणिताची. ‘काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करून पाहा.’ देशभरात लाखो लोकांना तिने आजवर थोडा वेळ थांबायला लावलं होतं. पहिल्या तपासणीला दवाखान्यातून मिळालेलं माहितीपत्रकसुद्धा तिने लाल पेनाने तपासून फ्रिजवर लावलं होतं. तीन वाक्यरचना दुरुस्त केल्या होत्या आणि एका परिच्छेदाशेजारी समासात लिहिलं होतं: स्वर फार भीतिदायक. सौम्य करावा.

आतल्या खोलीतून गंगव्वाच्या फोनचा आवाज आला. फोन नेहमी स्पीकरवर असायचा आणि त्यातून नेहमी एकच बाई ओरडायची. कोण होती देव जाणे, पण तिला फोनची गरज नव्हती. विजापूरहून तशीच ऐकू आली असती. प्रणिताच्या मीटिंगमध्ये हैदराबादचे लोकसुद्धा तिला ओळखू लागले होते. प्रणिताने दाराकडे पाहत हवेत तळहात खाली दाबला. ही खूण आता ठरलेली होती. आवाज कमी झाला.

बाल्कनीबाहेर गुलाबी फुलांची झाडं भरात होती. फेब्रुवारीत एकही पान न ठेवता ती फुलतात आणि मग दुपारभर, काही घाई नसल्यासारखी, एकेक फूल खाली सोडतात. प्रणिता फुलं मोजत राहिली. मोजता मोजता तिचा डोळा लागला.

सोसायटीच्या नावात तळं होतं. माहितीपुस्तिकेतही होतं, बदकांसकट. प्रत्यक्षात ते गच्चीवरच्या टाकीवर चढलं तरच दिसायचं. स्वप्नात मात्र ते आलं. सर्जापूर रोडवरची वाहनं जिथल्या तिथे उभी असताना ते त्यांच्यामधून शांतपणे वाट काढत आलं, गेटवर नाव लिहून आत शिरलं आणि जिन्याने एकेक पायरी चढत आठव्या मजल्यावर पोचलं. दाराच्या फटीतून हॉलमध्ये पाणी पसरलं. कोमट होतं. सोफा अलगद सुटला आणि होडीसारखा डोलू लागला. पाण्यावर गुलाबी फुलं होती. प्रणिता पाय वर घेऊन बसली होती आणि तिला फार सुख वाटत होतं. फक्त होडीच्या तळाला खालून कुणीतरी टकटक करत होतं. थांबायचं, आणि पुन्हा करायचं. दार उघडा असं म्हणणारी टकटक नव्हती ती. वेळ झाली का, असं विचारणारी होती.

बेल वाजली.

गंगव्वाने दार उघडलं. शेजारच्या अनुसूयाक्का, हातात हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन.

“काय ग, निजली होतीस काय? निज, निज. मी स्वल्प बसून जाते.”

अनुसूयाक्का सत्तरीच्या, बनशंकरी भागातलं घर मुलाने मोडल्यामुळे इथे राहायला आलेल्या. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलं. “आमचे मूळपुरुष तंजावरला निघाले होते,” त्या सांगायच्या, “वाटेत घोडी थकली म्हणून थांबले. अजून थांबलोच आहोत.” त्यांची मराठी ऐकताना प्रणिताचा हात आपोआप लाल पेनाकडे जाई. पण रविवारच्या डोहाळजेवणाचा सगळा भार अक्कांनीच उचलला होता. त्या त्याला सीमंत म्हणत. झोपाळा सांगून झाला होता, फुलं सांगून झाली होती.

“दोन डझन आणल्या. हात सुजलेत काय बघ, नाहीतर चढायच्या नाहीत. सरी?”

“सरी, बरं,” म्हणत प्रणिता उठायला गेली आणि निम्म्यातच थांबली. मूठ. एक हात सोफ्याच्या पाठीवर, एक कंबरेवर. ती फुलांकडे पाहत राहिली, मूठ सुटेपर्यंत.

गंगव्वा बाल्कनीच्या दारात बादलीशी वाकली होती. ती तशीच उकिडवी बसली. बोलू की नको, असं तिच्या तोंडावर दिसलं. मग बोलली.

“नोव ऐतेन्री?”

“इल्ला,” प्रणिताने सवयीने हसून सांगितलं. “एळु.”

गंगव्वा उठली.

अनुसूयाक्कांनी बांगड्यांची पेटी मांडीवर मिटली. “तिला असं का बोलतेस ग?”

“कसं?”

“ती बिचारी दुखतंय काय म्हणून विचारते. आणि तू म्हणतेस, नाही, ऊठ. पुण्यात सगळ्या असंच बोलतात काय?”

“मी ऊठ कुठे म्हटलं? सात म्हटलं. तिने नऊ झाले का विचारलं, मी म्हटलं, नाही, सात.”

“नऊ कोण म्हणालं? नोवु. नोवु म्हणजे दुखणं. नऊला आम्ही ओंबत्तु म्हणतो.”

“पण एळु म्हणजे सातच ना?”

“सातही. आणि ऊठ म्हणजेही एळुच. खाली बसलेल्या माणसाला म्हटलंस, तर तो सात कशाला ऐकेल?”

अक्का हसायला लागल्या. प्रणिताही हसली, थोडी ओशाळून. तीन दिवस आपण एका बाईला दिवसातून दोन-तीनदा नम्रपणे उठवतो आहोत, हे तिला दिसलं. अक्कांनी सगळा घोटाळा गंगव्वाला कन्नडमध्ये उलगडून सांगितला. गंगव्वा हसली नाही. ती बोलायला लागली, आधी हळू, मग भरभर, बाल्कनीकडे, सोफ्याकडे, स्वयंपाकघराकडे बोट करत. बोलताना ती मध्येच प्रणिताच्या पोटाकडे बघे, आणि पुन्हा एखाद्या खोलीकडे.

अक्कांचं हसू कुठल्या खोलीशी थांबलं, ते प्रणिताला नंतर आठवेना.

“काय म्हणते?”

“थांब.” अक्कांनी गंगव्वाला काहीतरी पुन्हा विचारलं. गंगव्वाने बोटं मोजून दाखवली. “ती म्हणते, परवा मंगळवारी तिचं सगळं घर पुसून होईपर्यंत तू एकदा अशी थांबलीस. कंबरेवर हात ठेवून. काल दोनदा. आज प्रत्येक खोलीला एकदा थांबतेस. हॉलमध्ये दोनदा.”

“पण दुखत नाहीये, अक्का. फक्त कडक होतं. सगळ्यांना होतं.”

“एक खोली पुसायला हिला किती वेळ लागतो?”

प्रणिताला ठाऊक होतं. मीटिंगच्या वेळा तिने त्यावरूनच ठरवल्या होत्या. दहा मिनिटं. हॉलला वीस, सोफ्यामुळे.

ती फ्रिजकडे चालत गेली. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत अंतर फार नव्हतं, पण फरशी अजून ओली होती आणि ती एकेक पाऊल टाकत गेली, स्वप्नातलं पाणी अजून ओसरलं नसल्यासारखी. माहितीपत्रक तिथेच होतं. तिने वाक्यरचना दुरुस्त केलेला परिच्छेद आता पहिल्यांदाच वाचला. सदतीस आठवडे व्हायच्या आत पोट ठराविक अंतराने कडक होत असेल, तासाभरात सहा वेळा किंवा जास्त, दुखत नसलं तरी; कंबर खालून धरल्यासारखी वाटत असेल, खाली दाब येत असेल किंवा पाणी जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका, कुणाला विचारत बसू नका, लगेच या.

समासात तिचंच अक्षर होतं. स्वर सौम्य करावा.

“अक्का,” ती म्हणाली, “मला एकतिसावा आठवडा आहे.”

“मग चप्पल घाल.”

टॅक्सी बोलावली. ती आठ मिनिटांत येणार होती, मग अकरा, मग चौदा. शेवटी चालकाने दिलगिरी व्यक्त करून प्रवास रद्द केला. ‘काहीतरी चुकलं,’ फोन म्हणाला, ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करून पाहा.’ प्रणिताने ती ओळ दोनदा वाचली. तोवर गंगव्वा अनवाणीच खाली जाऊन रिक्षा घेऊन आली होती, आणि रिक्षावाल्याला ती काय म्हणाली कुणास ठाऊक, त्याने मीटरचा विषयच काढला नाही.

रिक्षात अक्कांनी तिचा हात धरून ठेवला होता. गंगव्वा मागे गेटपाशी उभी होती, हातात फडकं. सर्जापूर रोडवर गाड्या उभ्या होत्या, अगदी स्वप्नातल्यासारख्या, आणि रिक्षा त्यांच्यामधून पाण्यासारखी वाट काढत होती. दोन मुठी झाल्या. प्रणिताने कुणाला सांगितलं नाही, पण अक्कांनी दोन्ही वेळा रिक्षावाल्याला “स्वल्प बेगा, अण्णा,” म्हटलं. जरा लवकर.

दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, “नोवु इदेया, मॅडम?”

प्रणिताने मोकळा हात पोटावर ठेवला.

“इदे,” ती म्हणाली. आहे.

डॉक्टर रम्या तिच्याहून वयाने लहान असाव्यात. तपासून झाल्यावर त्या स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर बसल्या की बातमी मोठी असते, एवढं प्रणिताला कळत होतं.

“गर्भाशयाचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलं आहे,” त्या म्हणाल्या. “या खोट्या कळा नाहीत.”

“पण दुखत नव्हतं.”

“पुष्कळदा नाही दुखत. म्हणून तर बायका उशिरा येतात.”

“थांबवता येईल?”

“कायमचं नाही सांगू शकत. पुढे ढकलायचा प्रयत्न करू. गोळ्या देते, त्याने चेहरा गरम होईल, घाबरू नका. आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन. एक आता, एक उद्या याच वेळेला. मला अठ्ठेचाळीस तास हवेत. तेवढे मिळाले, तर आज जन्मलेल्या आणि परवा जन्मलेल्या बाळात खूप फरक असतो. आलं की त्याला रडता आलं पाहिजे, एवढंच.”

“आणि नाही मिळाले तर?”

डॉक्टर रम्यांनी पेनाचं टोपण लावलं. “तुम्ही आज आलात,” त्या म्हणाल्या. “उद्या आला असतात, तर हे इंजेक्शन द्यायला वेळच नसता.”

कृष्णातचा फोन आला, तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं. त्याचा आवाज विमानतळावरच्या घोषणांमध्ये बुडत होता.

“मी पोचतोय. फ्लाइट नऊची आहे.”

“काय?”

“नऊ. नऊची.”

तिला हसू आलं आणि हसण्याने पोट पुन्हा कडक झालं, म्हणून तिने फोन अक्कांकडे दिला. अक्का त्याला सावकाश सांगत होत्या, की रविवारचा झोपाळा आता नको, फुलं नको, आणि येताना हिच्या आईला फोन कर, पण सातव्यात असं होतंच असं त्या म्हणाल्या तर ऐकू नकोस.

मग वेळ पातळ झाला. गोळीने गाल तापले. पोटावरच्या पट्ट्याला जोडलेल्या यंत्रातून कागद सरकत राहिला; त्यावर टेकड्या उमटत, सपाट माळ येई, पुन्हा टेकडी. दुसऱ्या यंत्रात बाळाचं काळीज दूर कुठेतरी घोडी दौडावी तसं वाजत होतं. प्रणिताच्या अर्धवट झोपेत ती घोडी अक्कांच्या मूळपुरुषाची झाली. थांब, ती तिला सांगत होती, थक, इथे पाणी आहे, छाया आहे, साडेतीनशे वर्षं थांब. रात्रीतून केव्हातरी कृष्णात आला, उशाशी बसून झोपला. पहाटे टेकड्यांमधले माळ लांबले होते. किती खोल्यांएवढे, ते ती मनात मोजत राहिली. तीन. मग संपूर्ण घर.

शुक्रवारी दुपारी दुसरं इंजेक्शन झालं. उरलेले चोवीस तास मिळतात की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. कृष्णात जेवायला खाली गेला होता, अक्का घरी आंघोळीला.

दारात गंगव्वा आली. हातात कापडी पिशवी, त्यात प्रणिताचा गाऊन, कंगवा आणि घड्या घातलेली चार जुनी सुती पातळं. पातळं प्रणिताची नव्हती. मऊ झालेली होती, पुष्कळदा धुतलेली. गंगव्वाने पिशवी कपाटात ठेवली, भिंतीला टेकली आणि नेहमीसारखी खाली उकिडवी बसली.

“एळ्री,” प्रणिता म्हणाली. उठा. आदरासाठी री लावायचा, हे तिने कृष्णातला विचारून घेतलं होतं. आणि तिने हाताने खुर्ची दाखवली.

गंगव्वा उठली. खुर्चीच्या कडेवर बसली.

“नोव ऐतेन्री?”

“स्वल्प.”

गंगव्वाने मान हलवली. दोघी त्या कागदाकडे बघत बसल्या. मग गंगव्वाने प्रणिताच्या पोटाकडे बोट केलं.

“एळु?”

“एळु.” सात.

गंगव्वाने पदर सारखा केला आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “ननगू,” ती म्हणाली. मलाही. “एळु.”

यापुढचं प्रणिताला विचारायचं होतं. कधी. कुठे. तुला कुणी विचारलं होतं का, दुखतंय का म्हणून. आणि मग काय झालं. पण ॲपने तिला भूतकाळ अजून शिकवला नव्हता. तिच्याकडे आकडे होते, फळं होती, रंग होते. त्या चार पातळांकडे तिने कपाटाच्या उघड्या दारातून पाहिलं आणि नजर काढून घेतली.

गंगव्वाच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिने तो काढला, स्पीकरवर लावला.

“यव्वा!”

आईला मारलेली हाक होती ती. खोली दणाणली. किल्ली कुठे ठेवली होती, की गॅस संपला होता, असं काहीतरी असावं. पण ते ज्या ताकदीने सांगितलं जात होतं, ती नेहमीचीच. खिडकीची काच थरथरल्याचा भास झाला. शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली. नर्स दारातून डोकावून म्हणाली, “स्वल्प मेल्लगे.” जरा हळू.

गंगव्वाने फोन कानापासून हातभर लांब धरला. मग तो तसाच प्रणिताकडे वळवला आणि हनुवटीने त्याच्याकडे खूण केली.

“एळु,” ती म्हणाली.

फोन ओरडत होता. गंगव्वाचा अंगठा सवयीने आवाज कमी करायच्या बटणाकडे गेला. प्रणिताने तिचं मनगट धरलं आणि मान हलवली. नको.